शिट्टी आणि पाठलाग यांच्यामधला क्षण

पुणे जिल्ह्यातील सुपे गावाजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. चिंकारांना ते पुरत नाही. चरता चरता ही हरणे भोवतालच्या गायरानांत आणि पडीक शेतांत येतात आणि तिथेच त्यांची पाळीव कुत्र्यांशी गाठ पडते.

समोर दिसतो आहे तो कारवान कुत्रा. दख्खनच्या माळावर ससा धरण्यासाठी जोपासलेली ही जात नाकापेक्षा नजरेवर अधिक विसंबते. लांबवर काही हलले की त्याची मान ताठ होते, पाऊल उचललेलेच राहते आणि क्षणभर तो नुसता पाहत उभा राहतो. आज्ञा ऐकली जाते ती याच क्षणी. एकदा पाय सुटले की धावण्यातच त्याला सुख मिळू लागते आणि मालकाच्या हातातील मटणाचा तुकडा त्यापुढे फिका पडतो.

अशा वेळी बहुतेक जण कुत्र्याला ‘ये, ये’ म्हणून हाका मारतात. ‘ये’ ऐकायचे तर सावजाकडे पाठ फिरवावी लागते, आणि कारवानाकडून तेवढी अपेक्षा करणे जरा जास्तच आहे. ‘थांब’ ऐकताना मात्र नजर तिथेच ठेवून केवळ पाय आवरायचे असतात.

हे शिक्षण घराच्या अंगणात सुरू होते. ‘थांब’ची खूण म्हणून एक लांब शिट्टी वाजताच खाऊ कुत्र्याच्या मागच्या बाजूला फेकला जातो, कारण तो दर वेळी हातातून दिला तर शिट्टी ऐकून कुत्रा थांबण्याऐवजी मालकाकडे धावत येऊ लागतो. पुढे चालता चालता, मग धावताना, मग घरंगळत्या चेंडूसमोर हाच सराव होतो. माळावर येताना पंधरा मीटरचा दोर छातीच्या पट्ट्याला बांधतात, गळपट्ट्याला नव्हे. भरधाव कुत्र्याला बसणारा हिसका मानेला इजा करू शकतो. दोर असतो तो पाठलाग एकदाही साधू नये म्हणून, कारण साधलेला एक पाठलाग कित्येक दिवसांच्या सरावावर पाणी फिरवतो.

सरावासाठी हरणे शोधत जाणे मात्र गैर आहे. जिवाच्या आकांताने धावलेले हरीण कुत्र्याच्या तावडीतून सुटले, तरी अतिश्रमाने स्नायू निकामी होऊन नंतर दगावू शकते. उन्हाळ्यात टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात. कुत्र्याच्या धाकाने पक्षी उठला की अंडी उन्हात तापतात, म्हणून त्या दिवसांत दोर बांधलेला कुत्राही माळावर आणू नये.

आता बांधापलीकडे, बऱ्याच अंतरावर, एका चिंकाराची शेपटी हलते आहे. कारवानाची मान वर होते. शिट्टी वाजते. तो थांबतो; मालक त्याला हाक न मारता स्वतः चालत त्याच्याजवळ जातो आणि उभ्या जागीच खाऊ देतो. दोर अजून सोडलेला नाही.