श्रेयनामावलीत घरची नावं

नाशिक. पंचवटीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. हिवाळ्यातली सकाळ. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा प्लग काढून ठेवलाय, पंखे बंद आहेत. आवाज घुमू नये म्हणून कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या टांगल्यात. जिन्यात काका उभे आहेत. टेक सुरू झाला की वर-खाली जाणाऱ्यांना ते हातानंच थांबवतात.

"साउंड?" "रोलिंग." "कॅमेरा?" "रोलिंग." मावसभाऊ क्लॅप देतो.

दिग्दर्शन करणारी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुपट दहा मिनिटांचा: हॉस्टेलला निघालेली नात आणि मटार सोलत बसलेली आजी. नातीचं काम वर्गमैत्रीण करतेय. आजी मात्र खरीच.

घरात शूटिंग केलं की पैसे वाचतात, असं सगळेच सांगतात. वाचतातच. पण घरची माणसं देतात ते याहून मोठं असतं. सूर्याची दिशा फोनवरचं ॲप सांगतं. समोरच्या इमारतीच्या टाकीमागून ऊन ओट्यावर साडेनऊला उतरतं आणि अकराच्या आत निघून जातं, हे आईलाच ठाऊक. रोज त्याच उजेडात ती तांदूळ निवडते. दिवसाचं वेळापत्रक तिच्या सांगण्यावरून बदललं. वडील वायरमन. संध्याकाळच्या सीनला स्क्रीनवर ट्यूबलाइटचे पट्टे फिरायला लागले, तेव्हा "आपली लाइन 50 हर्ट्झची आहे" एवढंच ते म्हणाले, आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या मित्रानं शटरचा वेग त्याला जुळवून 1/50 सेकंदावर आणला. पट्टे गेले.

आणि आजी. दुसऱ्या टेकचा क्लॅप पडणार तोच ती म्हणाली, "थांब गं बाळा. मघाशी साली एवढ्याशाच होत्या. आता ढीग केवढा झालाय बघ." एका टेकमधली मांडणी पुढच्या टेकमध्ये तशीच राहावी म्हणून ठेवलेल्या कंटिन्युइटीच्या वहीत याची नोंदच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक टेकआधी आजी स्वतःच्या हातानं साली उचलते, वाटीतले दाणे कमी करते, आणि मगच मान हलवते.

वाटाण्याचं आणि आपल्या सिनेमाचं नातं जुनं आहे. 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम घेत टिपलं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' झाला. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र त्यात हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, आणि अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायच्या. मे 1913 मध्ये चित्रपट गिरगावात लागला. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं.

सरस्वतीबाईंना 'साथ देणारी पत्नी' म्हटलं की त्यांचं काम झाकलं जातं. फिल्मला छिद्रं पाडणं हे तंत्रज्ञाचं काम आहे.

एडिटिंगला बसल्यावर शेवटी आधी एकच पाटी होती: 'विशेष आभार: आई, बाबा, आजी, काका.' दिग्दर्शिकेनं ती काढली. आता कंटिन्युइटीसमोर आजीचं पूर्ण नाव आहे. प्रकाशयोजनेत वडिलांचं. वेळापत्रक आणि भोजनव्यवस्था आईची. जिना सांभाळणारे काका ध्वनिविभागात.

नामावली लांबली, आणि स्पर्धेची मर्यादा तर दहा मिनिटांचीच. बसस्टँडवरचा एक शॉट तिला फार आवडायचा. तो तिनं कापला.