वारा पाठीशी घेऊन

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास गंगापूर धरणाच्या काठावर कधी उभे राहिला असाल, तर पाण्यावर बारीक सुरकुत्या उठून सगळ्या एकाच बाजूला पळताना पाहिल्या असतील. त्या सुरकुत्यांना मोकळा समुद्र मिळाला तर त्यांचं काय होतं, आणि त्यांच्या पाठीवर बसून माणूस कसा नि किती वेगानं जातो, ते आज सांगायचं आहे. नाशिकच्या रेडिओवर समुद्राचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून दत्तू भोकनळ निघाले, २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये उतरले आणि २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळवून आले. तेव्हा पाणी लांब आहे, ही सबब निदान आपल्या जिल्ह्यानं तरी सांगू नये.

ज्या नावेबद्दल बोलणार आहे, तिला सर्फस्की म्हणतात. लांबी साधारण ६ मीटर, रुंदी जेमतेम ४५ सेंटिमीटर. कार्बनची असेल तर वजन १०-१२ किलो, साध्या फायबरची असेल तर आणखी पाच-सहा किलो जास्त. वरून उघडी. बसायला खोलगट जागा, पुढे पाय टेकायला पट्टी, आणि तिथंच पायांनी दाबायचे दोन पेडल. त्यांच्या तारा मागे सुकाणूपर्यंत जातात. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. पायांजवळ तळाला एक छोटंसं भोक असतं, त्याला बेलर म्हणतात. नाव पळत असली की आत आलेलं पाणी त्यातून आपोआप बाहेर खेचलं जातं. नाव थांबली की तेच भोक उलटं आत पाणी घेऊ लागतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे. नाव मूळची ऑस्ट्रेलियातली. १९३० च्या दशकात तिथल्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक फुटणाऱ्या लाटांतून बुडणाऱ्या माणसापर्यंत पोचायला ती वापरू लागले.

आता माझा तिच्याशी संबंध कसा आला? धंद्यानं. मी निर्यातीच्या द्राक्षांची तपासणी करते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या आतल्या बाजूला हेक्स नदीचं खोरं आहे, तिथंही खायचं द्राक्ष पिकतं. त्यांचा हंगाम आपल्या जरा आधी सुरू होतो आणि युरोपच्या बाजारात ते आणि आपण एकमेकांच्या पायात पाय घालत असतो. कामासाठी मी डिसेंबरात तिकडे जाऊ लागले. तो तिथला उन्हाळा. त्या दिवसांत आग्नेयेकडून असा काही वारा सुटतो की उभं राहणं मुश्किल. शहरावरचा धूर-धुरळा झाडून नेतो म्हणून लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात. द्राक्षवाले त्याला काय म्हणतात ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. पण तोच वारा सुटला की शहरातली काही माणसं दुपारपासून घड्याळाकडे बघू लागतात आणि पाच वाजता गाडीच्या टपावर लांबलचक नाव बांधून फॉल्स बे नावाच्या उपसागराकडे धावतात.

तिथं मिलर्स पॉइंट ते फिश हूक असा सुमारे १२ किलोमीटरचा एक मार्ग आहे. त्याला मिलर्स रन म्हणतात, आणि जगभरचे सर्फस्कीवाले त्याचं नाव निघालं की हळवे होतात. किनारा आणि वारा तिथं जवळजवळ एकाच दिशेनं जातात. मागून वारा, डाव्या हाताला डोंगर, मध्ये सायमन्स टाऊनचं नौदलाचं बंदर, त्याच्या बाहेर खडकावर उभं असलेलं रोमन रॉक दीपगृह, आणि शेवटी फिश हूकची वाळू. मुरलेला माणूस हे अंतर पाऊण तासाच्या आत कापतो. नाव परत वल्हवत आणायचा प्रश्नच नसतो, त्या वाऱ्याला तोंड देऊन कोण येणार? म्हणून लोक आधी एक गाडी फिश हूकला उभी करतात आणि दुसऱ्या गाडीनं नावा घेऊन मिलर्स पॉइंटला जातात.

मला पहिल्यांदा दोघांच्या नावेत बसवलं. पुढे मी, मागे तिथली एक शिकवणारी बाई. मी कॉलेजात असताना गोदावरीवर रोइंग केलेलं, तेव्हा दंडात जोर आहे असा माझा समज होता, आणि तो खोटाही नव्हता. वाऱ्यात शिरल्याबरोबर मी दणादण हात मारायला लागले. मागून बाई ओरडतेय, ‘थांब! वल्हं उचल!’ मला कळेना, अहो, पुढे जायचंय ना? तेवढ्यात नावेचं मागचं टोक वर उचललं गेलं. ‘आता!’ तीन हात, चार हात, आणि एकदम पाण्याचा आवाज बदलला. खळखळ थांबून सूं सूं सुरू झालं. नाव उतारावरून घसरत होती, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडत होते, वल्हं मांडीवर आडवं, आणि मी काहीही करत नव्हते. पुढच्या लाटेची पाठ समोर आली तशी मी पुन्हा हात मारायला वाकले, की मागून पुन्हा तेच: थांब.

त्या एका शब्दात हा सगळा खेळ आहे असं माझं मत आहे. थांबायचं हातांनी, नावेनं नाही. नाव थांबली तर बेलरमधून पाणी आत येतं, नाव डुगडुगते आणि आपण आडवे होतो. हात मात्र निम्मा वेळ थांबलेले हवेत.

हे का, ते जरा समजून घेऊ. लाटेचा वेग ठरतो तिच्या कालावधीवर. खोल पाण्यात एका शिखरामागून दुसरं शिखर यायला ५ सेकंद लागत असतील, तर ती लाट ताशी सुमारे २८ किलोमीटरनं पळते आणि दोन शिखरांमध्ये साधारण ३९ मीटर अंतर असतं. सपाट पाण्यावर चांगला तयारीचा माणूस ताशी ११-१२ किलोमीटर टिकवतो. म्हणजे लाट त्याला दुपटीहून अधिक वेगानं ओलांडून जाणार. तिच्याशी शर्यत लावून उपयोग नाही. पण ती मागून येऊन नावेचं टोक उचलते, त्या दोन-तीन सेकंदांत नावेला उतार मिळतो. तेवढ्यात चार जोराचे हात बसले की बाकीचं काम उतार करतो. तो क्षण सोडून मारलेला प्रत्येक हात म्हणजे चढावर सायकल रेटणं.

खरी गंमत पुढे आहे. लाटा एकेकट्या जात नाहीत, घोळक्यानं जातात, आणि खोल पाण्यात घोळक्याचा वेग एका लाटेच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. प्रत्येक लाट घोळक्याच्या मागच्या बाजूला जन्म घेते, मधून पळत पुढे येते आणि पुढच्या टोकाला विरून जाते. म्हणून तुम्ही मेहनतीनं पकडलेली लाट थोड्या वेळात पायाखालून नाहीशी होते. नवशिक्याला वाटतं आपलं चुकलं. काही चुकलेलं नसतं, तिचं आयुष्यच तेवढं. आता हिशेब बघा: लाट ताशी २८, तर घोळका ताशी १४. सपाट पाण्यावर ११-१२ नं जाणारा माणूस लाटांचे चार फुकटचे धक्के घेऊन सरासरी १४ सहज गाठतो. म्हणजे लाटेबरोबर राहणं कुणाला जमत नसलं, तरी घोळक्याबरोबर राहणं जमतं. एक लाट विरली की शेजारी कुठे पाणी खचतंय ते बघायचं, पेडल हलकेच दाबून नावेचं टोक त्या खड्ड्याकडे वळवायचं आणि पुढच्या उचलीची वाट बघायची. मागे वळून बघायचं नाही. लाट मागून येते खरी, पण ती कळते पाठीला नि बुडाला. डोळे पुढच्या खळग्यावर.

आपल्या रोइंगवाल्यांना हे सगळं उलटं वाटतं. रोइंगमध्ये तोंड मागे, पाठ पुढे, आणि प्रत्येक हात मागच्या हाताइतकाच हवा. तिथं तालात खंड पडला की मार्गदर्शक काठावरून सायकल थांबवून ओरडतात. इथं ताल तुमचा नाही, पाण्याचा. येवल्याला संक्रांतीत पतंग उडवणाऱ्यांना मात्र हे लगेच समजेल. वारा भरला की ढील द्यायची आणि नेमक्या क्षणी खेच मारायची, सतत ओढत बसणाऱ्याचा पतंग काही वर जात नाही.

या खेळात ताकदीला दुय्यम जागा आहे याचा पुरावा हवा असेल तर हवाईला जावं लागेल. मोलोकाई बेटावरून ओआहू बेटावर जाणारी सुमारे ५२ किलोमीटरची शर्यत ही सर्फस्कीतली मानाची शर्यत. मध्ये काइवी नावाची सामुद्रधुनी, तिच्यावर व्यापारी वारे. दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर चालुपस्की यांनी ती पहिल्यांदा जिंकली १९८३ साली आणि बाराव्यांदा जिंकली २०१२ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी. मधल्या २९ वर्षांत दंड काही वाढत नाहीत. पाणी वाचणं वाढतं.

आता आपल्याकडे या. जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी आपल्याला त्यातल्या त्यात जवळ, पण तिथं ओहोटीला समुद्र इतका आत जातो की नाव खांद्यावर घेऊन चिखलातून चालण्यातच निम्मा जीव जातो. मला आवडतो तो हर्णैपासून दक्षिणेला जाणारा किनारा: मुरुड, कर्दे, लाडघर. मार्च ते मे दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, बहुतेक वायव्येकडून. ते तिरके मागून येतात आणि थोडे जमिनीकडे ढकलतात. हे चांगलं, कारण काही बिघडलं तर माणूस वाळूवर येऊन पडतो. उलट पहाटे वाहणारे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. पाणी गुळगुळीत दिसतं, फसायला होतं, आणि वारा तुम्हाला हळूच बाहेर काढत नेतो. त्या वाऱ्यात सर्फस्की काढू नये, मग कुणी कितीही भरीला घालो. जून ते ऑगस्टचा तर विषयच नको. १ जून ते ३१ जुलै मोठमोठ्या मासेमारी बोटी बंदरात बांधलेल्या असतात, तिथं आपली ४५ सेंटिमीटरची काडी कशाला न्यायची?

हर्णैला एका कोळी काकांना मी आमचा बेत सांगितला, इथून निघून वाऱ्याबरोबर खाली लाडघरला जाणार. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, ‘ताई, वारा न्हेईल तुम्हाला. आननार कोन?’ मी दुसरी गाडी लाडघरला उभी असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि मग अर्धा तास समुद्रात एका जागी बांधून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यांच्या खुणा कुठे आहेत, कुठल्या खडकावर पाणी फुटतं, सगळं बोटानं वाळूत काढून दाखवलं. खाडीच्या तोंडाबद्दल त्यांनी जे बजावलं ते मीही तुम्हाला बजावते. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर येत असतं, वारा समुद्रावरून आत येत असतो, आणि दोघांची गाठ पडते तिथं लाटा आखूड, उभ्या आणि वेड्यावाकड्या होतात. त्यात खाली वाळूचा दांडा असला तर त्या फुटतातही. खाडीच्या तोंडावरून जायचंच असेल तर भरतीची वेळ धरावी.

सामानात काटकसर नको. लाइफ जॅकेट अंगावर, नावेत ठेवलेलं नाही. पायाला बांधून नावेला जोडलेली दोरी, तिला लीश म्हणतात. ती अगदी महत्त्वाची, कारण २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वाऱ्यात सुटलेली रिकामी नाव पोहून गाठता येत नाही, पट्टीचे पोहणारे असलात तरी. फोन पाण्यानं न भिजणाऱ्या पिशवीत, पण पिशवी अंगावर. डोक्यावर भगवी किंवा पिवळी टोपी. निळी टोपी समुद्रात दिसत नाही. आणि एकट्यानं नाही.

नाशिकमध्ये राहून यातलं काय करता येईल? बरंच. गंगापूरच्या जलाशयावर वाऱ्याला पळायला जागा कमी, त्यामुळे लाट वाढत नाही. वारा किती जोरात आहे याइतकंच तो पाण्यावरून किती लांबून आणि किती वेळ आला यावर लाट ठरते. पण पडून परत चढण्याचा सराव तिथंच करावा, रीतसर परवानगी घेऊन आणि काठावर कुणीतरी ठेवून. नाव सरळ करायची, बसायच्या जागेवर पोट आडवं टाकायचं, पाय पाण्यात झाडत अंग वर घ्यायचं, बूड खळग्यात फिरवायचं आणि मग एकेक पाय आत. डावीकडून जमलं की उजवीकडून. दमलेलं असताना जमलं पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका पोरानं सगळी दुपार यातच घालवली आणि संध्याकाळी विचारलं, ‘मॅडम, वल्हं कधी मारायचं?’ म्हटलं, पुढच्या रविवारी.

आमची नाव जीपच्या टपावर बांधलेली असते. कसारा घाट उतरताना चहाच्या टपरीवर हमखास कुणीतरी विचारतं, ‘काय ठिबकचं सामान का?’ यंदाचा शेवटचा द्राक्षाचा कंटेनर गेला की एप्रिलच्या मध्यावर आम्ही पुन्हा हर्णैला निघू. ज्याला यायचं असेल त्यानं तोवर दोन्ही बाजूंनी चढायला शिकून ठेवावं. नमस्कार.