पाहुण्यासाठी छापलेली यादी

मित्रहो, आपल्या टपाल तिकीट संग्राहक मंडळाची सदस्य-पुस्तिका, म्हणजे सभासदांची यादी, पुन्हा छापायची का, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगतो. छापावी, आणि बाहेरगावाहून येणारा तिकीट संग्राहक डोळ्यांसमोर ठेवून छापावी.

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. गाडी बदलायला इथे उतरलेल्याकडे कधीकधी अर्धा दिवस मोकळा असतो. तो सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, जाईल, नवी तिकिटं घेईल. पण त्याच्याच विषयाचा माणूस धरमपेठेत राहतो, हे त्याला कोण सांगणार?

संस्थानी तिकिटांचं घ्या. नांदगाव संस्थानाने, म्हणजे आजच्या राजनांदगावने, १८९१ मध्ये स्वतःची तिकिटं काढली. अशा तिकिटांच्या नकला आणि पुनर्मुद्रणं पुष्कळ. कागद, शाई, छपाई पारखायची तर दोन तिकिटं शेजारी ठेवून भिंगाखाली बघावी लागतात. फोटो पाठवून ते काम होत नाही, माणसंच भेटावी लागतात.

आता यादी कशी लावायची? आडनावाप्रमाणे लावलेली यादी प्रवाशाच्या काहीच कामाची नाही, कारण त्याला आडनावच ठाऊक नसतं. यादी पिनकोडप्रमाणे लावा. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिच्यात भूगोल आधीच बसवलेला आहे. ४४ म्हटलं की विदर्भ. ४४० नागपूर शहर, ४४२ मध्ये वर्धा-चंद्रपूर, ४४४ मध्ये अकोला-अमरावती. अमरावतीच्या लग्नाला निघालेल्याने ४४४ चं पान उघडावं, बस्स. शेजारचं अनोळखी नावही आपसूक नजरेला पडतं. छापील पानाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

नावापुढे विषय हवाच: संस्थानी, पक्षी, रेल्वे, गांधी. देण्याजोग्या जादा प्रती कोणत्या, बोलता कोणत्या भाषा येतात, फोन कधी केलेला चालतो, हेही. घराचा पूर्ण पत्ता मात्र नको. संग्रह मौल्यवान असतो, आणि पुस्तिका कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. पेठ किंवा नगर, पिनकोड आणि लेखी संमती असेल तरच फोन नंबर, एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट, जी मला प्रवासाइतकीच महत्त्वाची वाटते. संग्राहक गेला की घरच्यांना कपाटातल्या अल्बमचं काय करायचं ते कळत नाही. इतर संग्राहकांचे नंबर त्याच्या फोनमध्ये, आणि फोनचं कुलूप उघडत नाही. मग सगळं मिळेल त्या भावात जातं. अल्बमशेजारी ही पुस्तिका असली, तर मुलगी किंवा सून त्याच विषयाच्या दुसऱ्या संग्राहकाला फोन करून आधी नीट विचारू तरी शकेल.

मुखपृष्ठावर वर्ष ठळक छापा. मधल्या काळात बदललेले नंबर एका कागदावर छापून टपालाने पाठवू, तो सभासदांनी आत चिकटवावा. फॉर्म मागच्या टेबलावर ठेवले आहेत. संमतीचा रकाना वाचून मगच सही करा.