शाळेच्या खोल्या मोजताना

नमस्कार श्रोतेहो.

जूनमधला पहिला मोठा पाऊस होता. मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका शाळेत भेटीला गेलो, तर पहिलीचा वर्ग खिचडी शिजवायच्या शेडमध्ये भरलेला. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बाईंचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जाईना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. एका कोपऱ्यात तांदळाची पोती, दुसऱ्या कोपऱ्यात दप्तरांचा ढीग. शाळेची इमारत जुनी म्हणाल, तर जेमतेम सात वर्षांची. गळत नव्हती, भिंतींना तडे नव्हते. मुलांना पुरत नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, वर दोन खोल्या चढवू. अभियंतासाहेब म्हणाले, "चढवाल कशा? पाया तळमजल्यापुरताच घेतलाय." बांधताना थोडे पैसे वाचवले होते, त्याची ही किंमत.

शहराच्या कडेच्या बहुतेक गावांत थोड्याफार फरकानं हीच गोष्ट ऐकायला मिळेल. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे ही त्यातलीच. शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ साली दहा लाखांच्या घरात होती, २०११ साली ती सतरा लाखांवर गेली. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. २०२१ची राहिली, ती आता २०२७वर गेली. म्हणजे २०११ साली जन्मलेली पोरं दहावीच्या उंबरठ्यावर आली, तरी शाळा किती हव्यात याचा हिशेब आपण त्यांच्या जन्मवर्षाच्या आकड्यांवर मांडतो आहोत.

मग मोजायचं कसं? बैठकीत सगळ्यांना फ्लॅट मोजायची घाई असते. समजा, हजार फ्लॅटची वसाहत उभी राहते आहे. दोन घरांमागे पहिली ते पाचवीतलं एक मूल धरलं, तर मुलं झाली पाचशे. एका वर्गात चाळीस धरली, तर तेरा खोल्या लागतील. कागदावर हिशेब चोख आहे. पण त्या हजार फ्लॅटमधली बरीचशी मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जाणार असतात.

सरकारी शाळेत कोण येतं? त्याच वसाहतीच्या फाटकावरच्या वॉचमनची मुलगी येते. तिथे धुणीभांडी करणाऱ्या ताईंची दोन मुलं येतात. इमारतीचा स्लॅब टाकणाऱ्या गवंड्याचा मुलगा येतो. ही माणसं गावठाणातल्या भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत, नाहीतर बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. बिल्डरच्या नकाशावर त्यांचं घर नसतं. शिवाय शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं गाव सोडतात दिवाळीनंतर. कायद्यानं वर्षभरात कधीही प्रवेश द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. पण नोव्हेंबरात आलेल्या मुलाला बसायला जागा कोणत्या हिशेबात धरली होती?

माझा अनुभव सांगतो. या मुलांचा खरा आकडा गावात एकाच बाईकडे असतो, अंगणवाडी सेविकेकडे. कोणत्या चाळीत कोण नवीन आलं, कुणाला तिसरं वर्ष लागलं, कोण पुढच्या जूनला दाखलपात्र होणार, हे सगळं तिच्या वहीत असतं. आज तीन वर्षांचं असलेलं मूल तीन वर्षांनी पहिलीत येणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आणि एक शाळा बांधून व्हायलाही साधारण तेवढाच काळ लागतो, जागा हातात असेल तर.

घोडं पेंड खातं ते या जागेपाशीच. पूर्वी गावाला गायरान असायचं, सरपंचानं मनावर घेतलं की शाळेला जागा निघायची. आता विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण पडतं. नकाशावर ते रंगवलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. पण आरक्षण पडून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण उठतं. नगररचना कायद्याचं हे कलम १२७. मालकाचंही चुकत नाही म्हणा, त्यानं तरी किती वर्षं जमीन अडकवून ठेवायची! पण आरक्षण उठलं की तिथे टॉवर होतो. त्या टॉवरमुळे वाढलेल्या कामकऱ्यांच्या मुलांना मग जागा शोधायची हायवेच्या पलीकडे. नियम सांगतो, पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर वर्तुळ काढलं की ती आत बसतेही. सहा वर्षांच्या मुलानं तो हायवे ओलांडायचा कसा, हे वर्तुळात दिसत नाही.

कुणी म्हणेल, नवीन शाळा कशाला, कितीतरी शाळा ओस पडल्यात की. खरं आहे. याच जिल्ह्यात, पूर्वीच्या वेल्ह्यात म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, डोंगरातल्या शाळांचा पट पाच-सातवर आलेला मी पाहिलाय. पण ती मुलं गेली कुठे? त्यातली काही इथेच, पत्र्याच्या शेडमध्ये बसली आहेत. वर्गखोली काही त्यांच्यामागून चालत येत नाही.

त्या खिचडीच्या शाळेला पुढे शेजारच्या तुकड्यावर चार खोल्या मंजूर झाल्या. या वेळी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती हटून बसली, पाया तीन मजल्यांचाच घ्या म्हणून. खर्च वाढला, फाईल दोनदा परत आली, मीही थोडी बोलणी खाल्ली. आज त्या गच्चीवर कॉलमचे गज वर सोडलेले आहेत, त्यांना सिमेंटचा हात मारून ठेवलाय गंजू नयेत म्हणून. परवा गेलो तेव्हा बाई तिथे मुलांना घेऊन सावली मोजत होत्या. खाली अंगणवाडीताई वही घेऊन आल्या होत्या. येत्या जूनसाठी त्यांच्याकडे त्र्याऐंशी नावं होती.

नमस्कार.