विमानाचा रंग एकच, पण स्टँडबायच्या यादीत नाव खाली

नमस्कार मंडळी. विमान कंपनीत नोकरी म्हणजे फुकट फिरायला मिळतं एवढं आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मिळतं, पण रिकामी सीट उरली तरच. अमेरिकेत याला नॉन-रेव्ह म्हणतात, म्हणजे पैसे भरणारे सगळे चढले, त्यांचे स्टँडबाय चढले, आणि मग जे काही उरलं त्यात स्टाफ, तोही नंबराप्रमाणे. गेटवर स्क्रीन असतो, त्यावर नावाची दोनतीन अक्षरं दिसतात आणि तुम्ही कितवे ते कळतं. डेल्टा, युनायटेड या कंपन्यांमध्ये नंबर सीनियॉरिटीवर लागतो, अमेरिकन एअरलाइन्समध्ये चेक-इन कधी केलं त्यावर. पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरलेली असते, ती म्हणजे तुमची कॅटेगरी, आणि मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

तिकडे छोट्या रूटवरचं विमान बऱ्याचदा दुसरीच कंपनी उडवते. बाहेर रंग डेल्टाचा किंवा युनायटेडचा, तिकीट त्यांचंच, पण पायलटचा पगार स्कायवेस्ट, रिपब्लिक, एंडेव्हर असल्या रीजनल कंपनीकडून. पॅसेंजरला हा फरक कळतही नाही. स्टँडबायच्या यादीत मात्र कळतो. काही ठिकाणी मेनलाइनमध्ये, म्हणजे त्या मोठ्या कंपनीत, मागच्या महिन्यात लागलेला माणूस वरच्या कॅटेगरीत आणि रीजनलमध्ये बारा वर्षं काढलेला कॅप्टन त्याच्या खाली. आपल्याकडे महापालिकेत कायम आणि कंत्राटी एकाच टेबलावर बसतात आणि सवलती वेगळ्या, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, फिरायला नाही मिळालं तर काय बिघडलं? बिघडतं असं की हे फिरणं नसतंच, कामावर जाणं असतं. अमेरिकेत खूप पायलट एका शहरात राहतात आणि त्यांचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ती जागा, दुसऱ्याच शहरात असतो, याला ते कम्यूट म्हणतात, आणि हा प्रवास ज्याने त्याने आपल्या वेळेत, आपल्या जबाबदारीवर करायचा. रीजनलचे बेस उघडतात, बंद होतात, मोठ्या कंपनीशी असलेला करार गेला की बेसच गेला, पोरांची शाळा आणि घराचं कर्ज दर वेळी कुठे हलवणार? बरं बेसवरच राहावं तर न्यूयॉर्कचं भाडं त्या पगारात परवडत नव्हतं, म्हणून मग दहाबारा जण मिळून एक क्रॅशपॅड भाड्याने घेतात, बंक बेडवर पडायचं आणि सकाळी ड्युटी. क्वीन्समधल्या क्यू गार्डन्सला लोक क्रू गार्डन्स म्हणायला लागले ते यामुळेच.

सीट नाहीच मिळाली तर शेवटची आशा जंपसीट, कॉकपिटमधली घडीची खुर्ची. ती कॅप्टनच्या परवानगीने मिळते. २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये बसणं बंदच झालं होतं, मग कॅस नावाची ओळख तपासायची सिस्टीम आली आणि ते परत सुरू झालं. इथेही ज्याचं विमान त्याचा पायलट आधी. म्हणजे रीजनलच्या छोट्या विमानात रीजनलवाल्याला पहिला हक्क, पण लांबच्या रूटवर छोटी विमानं कमी, तिथे जावं लागतं मेनलाइनच्याच विमानाने, आणि तिथे तो परत खालीच.

मेनलाइनवाल्यांची बाजू मी मुद्दाम सांगणार आहे, कारण ते दुष्ट नाहीत. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक रीजनल जेट म्हणजे त्यांची एक गेलेली नोकरी. त्यांच्या करारात स्कोप क्लॉज असतो, साधारण ७६ सीट आणि ८६,००० पाउंड वजन याच्या वरचं विमान बाहेरच्याला द्यायचं नाही. २००१ नंतर मेनलाइनचे हजारो पायलट घरी बसले आणि त्याच काळात रीजनल जेट वाढत गेली, तो राग अजून गेलेला नाही. यूएस एअरवेजमध्ये तर जेट्स फॉर जॉब्स नावाची योजना झाली, घरी बसवलेल्या मेनलाइनवाल्यांना रीजनलमध्ये जागा द्यायच्या, मग तिथे आधीपासून वाट बघणारे चिडले. कॉमएअर या रीजनल कंपनीच्या पायलटनी २००१ मध्ये पगारासाठी ८९ दिवस संप केला. कॉमएअर आणि एएसए या दुसऱ्या रीजनल कंपनीच्या काही पायलटनी तर आपल्याच युनियनवर, अल्पावर, केस टाकली, कारण दोन्हीकडचे पायलट त्याच युनियनमध्ये आणि स्कोपच्या वाटाघाटी करणारीही तीच.

मला वाटतं या भांडणात खरा फायदा मॅनेजमेंटचा होतो, दोन पायलट गेटवर एकमेकांकडे बघत बसतात आणि स्वस्तातलं काम चालू राहतं.

आता परत कम्यूटकडे येऊ. १२ फेब्रुवारी २००९, कोल्गन एअर या रीजनल कंपनीची फ्लाइट ३४०७, नेवार्कहून बफेलोला निघालेली. विमानावर नाव कॉन्टिनेंटल कनेक्शन. एका घरावर कोसळलं, विमानातले सगळे ४९ आणि जमिनीवरचा एक, ५० माणसं गेली. को-पायलट २४ वर्षांची, सिॲटलजवळ आई-वडिलांकडे राहायची, आदल्या रात्री फेडएक्सच्या मालवाहू विमानाने मेम्फिसला, तिथून दुसऱ्या विमानाने पहाटे नेवार्कला पोचली आणि दिवस क्रू रूममध्ये काढला. पगार वर्षाला साधारण १६,००० डॉलर असल्याचं सुनावणीत पुढे आलं. तपासात मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया असंच आलं, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, वॉर्निंग आल्यावर त्याने नाक खाली करायच्या ऐवजी वर ओढलं. पण दोघंही थकलेले असावेत आणि त्याचा कामावर परिणाम झाला असावा हेही रिपोर्टमध्ये आहे. नंतर कायदा झाला, २०१३ पासून को-पायलटलाही १,५०० तास उड्डाणाच्या अनुभवाची अट आली, २०१४ पासून ड्युटीआधी १० तास विश्रांती सक्तीची झाली. त्या १० तासांत कामावर पोचायचा प्रवासही तुम्हीच बसवायचा, नियम त्यात पडत नाही.

२०२२ मध्ये पायलट कमी पडायला लागले तेव्हा रीजनलचे पगार एकदम वाढले, फार चांगलं झालं. यादी मात्र पगाराबरोबर आपोआप बदलत नाही.

कंपनीला गरज असली की जागा कशी होते तेही बघा. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोला लुइव्हिलच्या फ्लाइटमधून ६९ वर्षांच्या डॉक्टरांना ओढत बाहेर काढलं, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. फ्लाइट युनायटेड एक्सप्रेसची, उडवत होती रिपब्लिक, आणि सीट हव्या होत्या चार क्रूसाठी, ज्यांना कंपनीने दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी पाठवलं होतं. ते स्टँडबाय नव्हे, त्यांच्या सीट पक्क्या. पॅसेंजरला उठवणं चूकच होतं, त्यात दोन मतं नाहीत. पण तोच क्रू मेंबर घरून कामावर निघाला की रिकामी सीट असूनही त्याच्या आधी दुसऱ्याच्या सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाचं नाव येऊ शकतं, आणि हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ड्युटीवर निघालेला माणूस, मेनलाइनचा असो की रीजनलचा, सुट्टीवाल्यांच्या वर असावा आणि त्या गटात नंबर नोकरीच्या तारखेवर लागावा. काही रीजनल कंपन्या करारात कम्यूटरला महिन्यात काही रात्रींचं हॉटेल देतात, म्हणजे मागितलं तर मिळतं. पण रीजनलवाल्यांच्या यादीतली जागा मोठी कंपनी ठरवते, आणि रीजनलची युनियन त्या वाटाघाटीत टेबलावर नसते. तिला तिथे बसवायचं काम मेनलाइनचे पायलट करू शकतात, त्यातले कितीतरी जण स्वतः रीजनलमधूनच वर गेलेले आहेत.