दगडावर बसलेला चतुर

नमस्कार मंडळी! पावसाळा संपता संपता मैदानावर जे पिवळसर चतुर थव्याने फिरत असतात ना, ते आज सोडून देऊ. आज ओढ्यावरचे चतुर. ट्रायथेमिस म्हणतात यांना, आणि हे एकट्याचं नाव नाही बरं का, अख्ख्या भावकीचं आहे, 40च्या वर जाती आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत.

आपल्याकडे सह्याद्रीत ओढ्याच्या मधोमध ओल्या दगडावर काळानिळा, जेमतेम दीड इंचाचा दिसला तर तो बहुतेक ट्रायथेमिस फेस्टिव्हा. काठच्या काडीवर गुलाबी-जांभळट लाल बसलाय तो ऑरोरा, त्याची मादी मात्र पिवळट, वेगळीच जात वाटते. आणि तापलेल्या कातळावर लालभडक, पंखांच्या मुळाशी मोठे नारिंगी डाग, तो कर्बी. म्हणजे रंग नंतर बघा, आधी बसलाय कुठे ते बघा!

फोटोसाठी लोक यांच्या मागे धावतात आणि मग वैतागतात. अहो धावायचंच नाही. नराचा एरिया ठरलेला असतो, दुसरा नर आला की हुसकावतो, मधेच चिलट पकडतो आणि फिरून बऱ्याचदा त्याच दगडावर येतो, आपण फक्त गुपचूप बसायचं. भर दुपारी शेपूट सरळ आभाळाकडे उभी केलेली दिसेल, ती ऐट नाही हां, अंगावर ऊन कमी पडावं म्हणून.

मादी उडता उडता शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी सोडते. अळी पाण्यात वाढते, खालचा जबडा झपकन पुढे फेकून डासांच्या अळ्याबिळ्या पकडते, आणि श्वास घेते ते, आता रेडिओवर कसं सांगू, मागच्या बाजूने! कल्ले तिथेच आत असतात, धोका वाटला की श्वासासाठी आत घेतलेलं तेच पाणी जोरात मागे सोडून ती पुढे सटकते.

कर्बीला साठवणीच्या टाक्या, स्विमिंग पूलसुद्धा चालतात. 2007 साली तो स्पेनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि आता तिथे बऱ्याच भागात पसरलाय. फेस्टिव्हाचं तसं नाही, त्याला सहसा वाहतंच पाणी लागतं, त्यामुळे तो बघायचा तर ओढ्यावरच जावं लागेल, तेही ऊन चढल्यावर, भल्या पहाटे जाऊन काही उपयोग नाही.