तुटलेल्या बेल्टची कड

गाडी चांगली पळत होती. ना दिवा लागला, ना कसला आवाज आला. एकदम इंजिन बंद. आता सेल्फ मारला की इंजिन भरभर फिरतं, नेहमीपेक्षा हलकं, आत कुणी अडवणारंच उरलं नसल्यासारखं. मुरलेल्या मेकॅनिकला एवढ्यावरच कळतं. टायमिंग बेल्ट गेला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा.

कव्हर उघडलं. बेल्ट तुटलाय खरा, पण बदलून वर्षही झालेलं नाही. हे बेल्ट साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर चालतात. ‘मालच खराब निघाला’ म्हणून मोकळं होता येतं, आणि बरेच जण होतातही. आपण मात्र तो तुकडा जरा उजेडात धरू.

पाठीवर बारीक भेगा असत्या, तर रबर वयाने किंवा उष्णतेने कडक झालं म्हटलं असतं. मऊ पडून फुगला असता, तर कुठलं तरी ऑइल सील गळतंय. सुरीने कापल्यासारखा सरळ तुटला असता, तर संशय बसवणाऱ्यावर. बेल्टच्या आतले काचेचे धागे दुमडलेलं सहन करत नाहीत.

इथे यातलं काहीच नाही. फक्त एक कड झिजलीय, धागे पिंजलेत. म्हणजे बेल्ट एका बाजूला घासत होता. तो ज्या चाकांवरून फिरतो, त्यातली कुठली तरी पुली तिरकी चालतेय.

एकेक पुली हाताने फिरवायची. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर गुळगुळीत. त्याला वाट दाखवणारा आयडलरही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरवणारा वॉटर पंप मात्र खरखरतो, आणि पुली धरून हलवली तर चक्क डुगडुगते! पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, म्हणून. त्या भोकाखाली हा बघा, वाळलेला गुलाबी ओघळ. कव्हरच्या आड होता, कुणाला दिसणार?

मागच्या वेळी बेल्ट नवा घातला, पंप जुनाच ठेवला. तो काढायला तेवढीच खोलाखोल लागते, तरीही.

३००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेताना, एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, आणि पिस्टन ५० वेळा वर येतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पिस्टन मात्र वर येतच राहतो. या इंजिनात दोघांना एका वेळी पुरेल एवढी जागा नाही.

हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलंय. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखे चकचकीत ओरखडे आहेत. चारही पिस्टनवर.